शफीमास्तरांची बिनटाक्याची दाढ

खुशालरावांनी शफीमास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मास्तर काहीच करत नव्हते. राजापेठेतल्या एका कापडदुकानाच्या ओट्यावर ते मांडी घालून बसले होते. मांडीवर काळा कोट पसरलेला, कोटाच्या बाहीला बोराएवढं भोक, आणि मास्तरांची नजर त्या भोकावर. समोरून ट्यूशनची पोरं हॉर्न वाजवत गाड्या काढत होती, त्यातल्या एकाचं चाक ओट्याला घासून गेलं, तरी मास्तरांनी मान वर केली नाही. खुशालराव पुढे गेले, मेथीची जुडी घेतली, भावावरून थोडं भांडले आणि परत आले. मास्तर अजून तसेच बसलेले.

खुशालरावांचं गाव रिद्धपूरच्या अलीकडे. तिथे भर दुपारी माणूस असा थिजलेला दिसला तर त्याला पाणी पाजतात. संत्र्याची बाग थोरल्या पोराच्या हवाली करून ते धाकट्या श्यामकडे अमरावतीला राहायला आले होते, आणि शहरात कोणाला काय विचारावं याचा अंदाज त्यांना अजून आला नव्हता. म्हणून त्यांनी सरळ विचारलं.

"काय पाहून राहिले जी?"

"भोक," मास्तर म्हणाले.

"भोक तं मलेही दिसते."

"तुमाले भोक दिसते. मी त्याच्या आजूबाजूचं पाहून राहिलो."

मग त्यांनी हाताने ओट्यावरची धूळ झटकली. बसा, असं काही ते म्हणाले नाहीत. खुशालराव मेथीसकट बसले, आणि त्या दिवसापासून रोज बसू लागले. सूनबाईंना वाटे की सासरे फिरायला जातात. ते चालत जात असत खरे, पण ओट्यापर्यंतच.

शफीमास्तर रफूगार होते. त्यांचे वडीलही रफूगार होते. जळालेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली साडी असं त्यांच्याकडे येई. मास्तर त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसना काढत आणि त्याच धाग्यांनी भोक विणून टाकत, आडवं, मग उभं. काम संपलं की गिऱ्हाइकाला म्हणत, "शोधा." गिऱ्हाईक शोधी, आणि बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवी. मास्तर हसत नसत. ते फक्त गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला करत.

काम हाती घेण्याआधी मास्तर एक गोष्ट करत. भोकाच्या कडेचा एक धागा दोन नखांत पकडून हळूच ओढत. कापड जिवंत असेल तर धागा आढेवेढे घेत येई. मेलं असेल तर जागच्या जागी तुटे. मेलेल्या कापडावर रफू होत नाही, उलट सुई जिथे घालावी तिथे नवी फाट पडते. असं कापड मास्तर परत देत, पण कापड मेलंय हे ते गिऱ्हाइकाला कधीच सांगत नसत.

अंजनगाव सुर्जीहून एक बाई आईचा शालू घेऊन आली होती, तेव्हा खुशालराव शेजारीच होते. मास्तरांनी धागा ओढला, तो तुटला. त्यांनी शालूची घडी घातली, बाईने आणली होती त्याहून चांगली घातली, आणि म्हणाले, "एवढ्याशाले टाक्याची गरज नाही, बाई. निऱ्यांत जाते." बाई खुश होऊन गेली.

"खोटं काहून बोलले?" खुशालरावांनी विचारलं. त्यांच्या गावाकडे बागेवर रोग पडला की पडला म्हणून सांगतात.

"खोटं काय त्याच्यात? गरज नाहीच म्हटलं. सांगून काय होते, भाऊ? बाई रडन आणि घरी जाऊन पेटीत ठेवन. न सांगितलं तरी पेटीतच ठेवन."

खुशालरावांना हे पटलं नाही, पण त्यात चूक कुठे आहे तेही सापडलं नाही.

मास्तरांना एक धाकटा भाऊ होता, गुलफाम. दोघं वडिलांच्या हाताखाली एकाच सतरंजीवर बसून काम शिकले होते. पुढे गुलफाम अकोल्याला गेला आणि त्याने तिथल्या कापडबाजारात रफूचं मशीन बसवलं. मास्तर ते एकदा पाहून आले. मशीनने भोकावर धाग्याची जाळी ठोकली, खडखड करत, चहा येईपर्यंत काम खलास. मास्तरांनी चहा घेतला नाही. "अब्बा असते तं त्याईनं ह्याले रफू म्हटलं नसतं," एवढंच बोलून ते परतीच्या गाडीत बसले, आणि त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. ईदला नसीमबानो, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, गुपचूप जावेला फोन करत. मास्तर त्या वेळी शेजारच्या खोलीत बसून असत आणि फोन संपेपर्यंत बाहेर येत नसत.

दाढ दुखायला लागली ती मास्तरांची. उजवीकडची, खालची, शेवटची. आधी त्यांनी लवंग धरली, मग खर्रा डावीकडे नेला, मग दोन रात्री बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी नसीमबानो ओट्यावर येऊन खुशालरावांना म्हणाल्या, "भाऊ, तुमीच घेऊन जा यायले. माहं ऐकत नाहीत." खुशालराव सोबत म्हणून निघाले.

डॉक्टर आकांक्षाचा दवाखाना राजापेठेतच, एका ट्यूशन क्लासच्या वर होता. खालून पाढ्यांसारखी रसायनशास्त्राची सूत्रं ऐकू येत. तिने मास्तरांचं तोंड तपासलं, एक्स-रे काढला, दाढ काढावी लागेल म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या खुशालरावांकडे पाहून तिने विचारलं, "काका, तुमचा गाल कधीपासून सुजलाय?"

खुशालरावांना गाल सुजलेला माहीत होता. आपल्या वयात गाल असतातच असे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. एक्स-रेमध्ये त्यांची दाढ आडवी झोपलेली निघाली, हिरडीखाली आणि हाडात. अशा रीतीने सोबत म्हणून आलेला माणूस आधी खुर्चीत बसला आणि त्याचंच काम जास्त वेळ चाललं. हिरडी कापली, हाड थोडं घासलं, दाढ तुकडे करून काढली आणि वरून काळ्या धाग्याचे टाके घातले. त्यानंतर मास्तर बसले. त्यांच्या दाढेसाठी हिरडीला जरासाच काप द्यावा लागला. दाढ निघाली, डॉक्टरने कापसाचा बोळा चावायला दिला आणि हातमोजे काढले.

मास्तरांनी बोळ्यामागून विचारलं, "टाके?"

डॉक्टर हात धूत होती. मागे न वळता ती म्हणाली, "तुम्हाला टाक्याची गरज नाही, चाचा. तसंच राहू द्या."

शेजारच्या बाकावर खुशालराव गालाला बर्फ लावून बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टर पुढच्या सूचना देऊ लागली तेव्हा मास्तरांचं लक्ष नव्हतं, एवढं खुशालरावांना दिसलं. थुंकायचं नाही, आज चूळ भरायची नाही, उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने अलगद, खर्रा बंद, बोट लावायचं नाही. हे सगळं खुशालरावांनीच ऐकून घेतलं आणि नसीमबानोंना पोचवलं.

थोडे दिवस दोघंही घरी होते. खुशालरावांचा गाल मोसंबीएवढा झाला. सूनबाई त्यांना थंड केलेली पातळ खिचडी देत होत्या आणि ते ती बागेवर गारपीट झाल्यासारखा चेहरा करून खात होते. टाक्यांच्या गाठी जिभेला टोचत. भाताचं शीत धाग्यात अडके आणि तिथेच वस्तीला राही. त्यामानाने मास्तरांना सूज कमी होती, दुखणंही कमी. त्यांनी खर्रा एका दिवसात सोडला. नसीमबानोंनी चाळीस वर्षं त्यासाठी भांडण केलं होतं, त्यामुळे या गोष्टीचा आनंद मानावा की धास्ती घ्यावी हे त्यांना कळेना.

ओट्यावर पुन्हा भेट झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "तोंड उघडा."

खुशालरावांनी भर रस्त्यात तोंड उघडलं. मास्तरांनी कापड बघतात तसं पाहिलं. एक गाडीवाला थांबून तोही पाहू लागला, त्याला वाटलं की मास्तर आता दातही बघतात.

"तीन हायेत," मास्तर म्हणाले. "अंतर सारखं हाये. गाठ बी बरी मारली." मग थोडं थांबून, "म्हंजे तिच्याजवळ धागा होता."

खुशालरावांना या वाक्याचा अर्थ लागला नाही. ते तोंड मिटून घरी गेले.

त्यानंतर मास्तर असं काम करू लागले की शेजारच्या दुकानदाराने त्यांना बरं आहे ना म्हणून विचारलं. महिनाभर पडून राहिलेले कोट त्यांनी पुरे केले. गिऱ्हाइकं न्यायला येईनात तेव्हा स्वतः घरोघर नेऊन दिले. निरनिराळ्या रंगांच्या रिळांची पेटी त्यांनी आवरली आणि कोणता रंग कोणत्या कप्प्यात आहे ते नसीमबानोंना समजावून सांगितलं. नसीमबानोंना सुईत धागाही ओवता येत नसे. आणि मग एका सकाळी ते पांढरा कुर्ता घालून बसस्थानकावर गेले व अकोल्याच्या गाडीत बसले.

हे नसीमबानोंनीच सांगितलं, श्यामच्या घरी येऊन. त्या दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, हे गुलफामकडे गेले. कोणी बोलावलं नाही, काही नाही. तुमाले काही बोलले काय?"

खुशालराव म्हणाले, नाही. त्यांना काळ्या धाग्याची आणि त्या वाक्याची आठवण झाली, तरी अजून जुळलं नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी परत आले. खुशालराव ओट्यावर त्यांची वाट पाहत बसले होते. अकोल्याला काय झालं असं त्यांनी विचारल्यावर मास्तरांनी सांगितलं की काही झालं नाही. दुकानात गेलो, गुलफामने मशीन बंद केलं, चहा मागवला, आपण घेतला. मशीन वाईट नाही, असंही आपण त्याला म्हणालो. आणि दर इतवारी घरी येत जा, म्हणून सांगून आलो.

"मशीन वाईट नाही म्हणाले?" खुशालरावांना आता खरोखरच काळजी वाटू लागली. "मास्तर, काय झालं तुमाले?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते सहज, पावसाचं बोलावं तसं बोलले.

"माहं कापड मेलं, भाऊ."

खुशालरावांनी मास्तरांच्या मांडीकडे पाहिलं, तिथे कापडच नव्हतं.

"तुमाले टाके घातले, मले नाही घातले. तेच हात, तीच खुर्ची, तोच दिवस. गरज नाही म्हणे. तसंच राहू द्या म्हणे. मी आयुष्यभर लोकायले काय सांगतो? पोरगी चांगल्या घरची हाये, तोंडावर कशी बोलन? आणि मी आरशात पाह्यलं. खड्ड्यात पांढरं पांढरं साचलं हाये. इतका खर्रा खाल्ला, सडन नाही तं काय होईन?"

हे ऐकून खुशालरावांनी हसायला हवं होतं, असं कोणालाही वाटेल. ते हसले नाहीत, कारण तो शालू त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. बाई किती खुश होऊन गेली होती तेही पाहिलं होतं. वेड्यासारखं बोलू नका, असं ते म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता आणि मास्तरांनी तो ओळखला.

"नसीमले सांगू नका," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांचे टाके काढायचे होते. डॉक्टरने कात्रीने एक गाठ कापली तेव्हाच त्यांनी तोंड उघडं ठेवून मास्तरांबद्दल विचारलं. तिला त्यातलं काहीही कळलं नाही. तिन्ही टाके निघाल्यावर, चूळ भरून, त्यांनी पुन्हा विचारलं. मास्तरांना तोंडाचा कॅन्सर आहे का, आणि असला तर तिने तसं सांगितलं का नाही.

डॉक्टर आकांक्षा खुर्चीच्या हातावर टेकली. तिने मास्तरांचं सगळं तोंड आत-बाहेर तपासलं होतं. खर्ऱ्याने गाल कडक झालेत, तो सोडला नाही तर पुढे धोका आहे, आणि हे तिने त्यांना बजावलंही होतं. बाकी तिथे काहीही नव्हतं. टाक्यांचं म्हणाल तर ते जखम पाहून ठरतं. खुशालरावांची हिरडी लांब कापून वर उचलली होती. ती जागेवर धरून ठेवायला टाके लागलेच. मास्तरांचा काप लहान होता, कडा आपसूक जवळ आल्या होत्या. अशी जखम उघडी ठेवली तर आतलं पाणी बाहेर निघून जातं, सूज कमी येते. दोन्ही जखमा शेवटी सारख्याच भरतात.

"मग हे त्यायले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं ना, काका. गरज नाही म्हटलं."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला, आणि तळवा सुजलेल्या गालाला लागला.

मास्तर दवाखान्यात यायला तयार नव्हते. खुशालरावांनी डॉक्टरचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं, लांब काप आणि लहान काप दोन्ही. मास्तरांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले की फार सुंदर सांगितलं पोरीने. आपणही त्या बाईला निऱ्यांचं असंच सुंदर सांगितलं होतं. अडचण इथे होती. डॉक्टरने खरं सांगितलं काय आणि खोटं सांगितलं काय, मास्तरांच्या कानाला दोन्ही सारखंच ऐकू येणार होतं.

शेवटी खुशालरावांनी आवाज चढवला. ते सहसा बैलावरही आवाज चढवत नसत. "तुमी कापडाले विचारता काय, जिवंत हायेस का मेलास म्हणून? नाही ना? धागा ओढून पाहता. मग चला, धागा ओढून पाहू."

मास्तरांनी सुई उशीत खोचली आणि ते उठले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी डॉक्टरला सांगितलं, "बेटी, कडेचं चिमट्यात पकड आणि ओढ."

"दुखेल, चाचा."

"त्याच्यासाठीच तं आलो."

डॉक्टरने खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी हात जोडले. असली मागणी कुठल्या पुस्तकात नव्हती, पण तिचे आजोबा अंजनगावचे होते आणि म्हाताऱ्या माणसांशी वाद घालण्यात किती वेळ जातो हे तिला माहीत होतं. तिने बारीक चिमटा घेतला, जखमेच्या कडेची हिरडी हलकेच धरली आणि अगदी थोडी ओढली.

मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. खालच्या क्लासमधली सूत्रं क्षणभर थांबली.

"दुखलं?" डॉक्टरने विचारलं.

"दुखते ना!" मास्तर ओरडले.

डॉक्टरने आरसा त्यांच्या हातात दिला आणि दिवा वळवला. ओढलेल्या जागी रक्ताचा एक ताजा, लाल ठिपका आला होता. सडलेलं असतं तर असं आलं नसतं, ती म्हणाली. आणि ते पांढरं म्हणजे खपली. बाहेरच्या जखमेवर ती वाळून काळी होते, तोंडात ओली राहते म्हणून पांढरी दिसते. ती खरवडायची नाही. तिच्याखाली खड्डा तळापासून वर भरत येतोय, रोज थोडा. हिरडी काही आठवड्यांत मिटेल, आतल्या हाडाला मात्र महिने लागतील.

मास्तर आरसा तिरका करून खूप वेळ पाहत होते. डॉक्टरचा पुढचा पेशंट दारात येऊन परत गेला.

"धागा कुठून घेते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कोण?"

"हे भरून राहिलं ते."

"रक्तातून, चाचा. आतूनच."

"म्हंजे आतल्या शिवणीतून," मास्तर म्हणाले आणि आरसा परत दिला. जिना उतरताना त्यांनी खुशालरावांना एवढंच सांगितलं की सगळं ठीक आहे, फक्त आडवं-उभं काही दिसलं नाही, कसं विणतं कोणास ठाऊक.

पुढच्या तपासणीला दोघं बरोबरच गेले. खुशालरावांची सूज जाऊन त्यांचा गाल पुन्हा वयाला शोभेसा झाला होता. डॉक्टरने दोघांची तोंडं एकामागून एक पाहिली आणि म्हणाली की कोणाला टाके घातले होते ते आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मास्तर खुशालरावांना म्हणाले, "शोधा." खुशालरावांनी जीभ फिरवली. त्यांना काही सापडलं नाही.

नसीमबानोंना सगळं नंतर कळलं, अर्थातच खुशालरावांकडून. त्या नवऱ्यावर दोन दिवस चिडल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की खर्रा सुटला हे काही वाईट झालं नाही. मास्तरांनीही तो पुन्हा धरला नाही. मरणाच्या भीतीने सोडलेली वस्तू भीती गेल्यावर परत घ्यायची तर आधी भीती वाटली होती हे कबूल करावं लागलं असतं.

गुलफामचं प्रकरण मात्र इतकं सोपं नव्हतं. त्याला जे बोलले ते मास्तर मरणाच्या दारात उभे आहेत असं समजून बोलले होते, आणि गुलफामला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं की भाईजान बदलले. तो पहिल्या रविवारी आला तो बायकोने दिलेला डबा घेऊन, दुसऱ्या रविवारी मशीनवर केलेले नमुने घेऊन. मास्तरांनी नमुने उन्हात धरून उलटसुलट पाहिले. ते काय म्हणतात इकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष होतं. "जाळी जरा पातळ ठेव," असं ते म्हणाले. खुशालरावांनी एकदा ओट्यावर विषय काढला, की आता गुलफामला खरं सांगून टाकता येईल, तुम्ही काही मरत नाही.

"काहून सांगू?" मास्तर म्हणाले, आणि मांडीवरच्या शालीचा धागा नखांत पकडला. "तो येऊन राहिला ना."

गुलफाम अजून दर रविवारी मूर्तिजापूरमार्गे येणाऱ्या सकाळच्या एसटीने येतो, दुपारी भावाकडे जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत जातो.